रॅम मागवण्याआधी ऑफिसातली मेमरी मोजा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं तीस-चाळीस पीसींचं ऑफिस घ्या, नाहीतर नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातलं, तक्रार सगळीकडे एकाच शब्दांत येते: "मशीन स्लो झालंय." मग कुणीतरी टास्क मॅनेजर उघडतं, मेमरीसमोर ८७ टक्के दिसतं आणि दुपारपर्यंत रॅमचं कोटेशन मागवलेलं असतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की ही सवय आता महागात पडते. शिवाय त्या ८७ टक्क्यांवरून मशीन खरंच अडचणीत आहे की नाही, हे कळतच नाही.

विंडोज प्रोग्रामांना दिलेली रॅम उगाच काढून घेत नाही. मोकळी रॅम पुरेशी असेल तोवर तासाभरात हात न लावलेली पानंही (मेमरीचे छोटे तुकडे) प्रोग्रामच्या नावावर राहू देते. चणचण जाणवू लागली की मगच ती छाटायला घेते. म्हणजे ८७ टक्क्यांतला बराच भाग गरज पडल्यास सहज सुटणारा असू शकतो. उलट बाजूही आहे: टास्क मॅनेजर ६५ टक्के दाखवत असताना क्रोमचे टॅब कोसळतात आणि एक्सेल 'मेमरी अपुरी' म्हणून हात वर करतं. हे दुसरं कोडं सुटलं की अर्धं काम झालं.

त्याचं उत्तर कमिटमध्ये आहे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर, मेमरीखाली, 'कमिटेड' म्हणून ९.६/१०.० जीबी अशी जोडी दिसते. पंगतीत पाहुणे आलेत किती हा एक आकडा, आणि किती जणांच्या जेवणाचा शब्द दिलाय हा दुसरा. कमिट म्हणजे तो दिलेला शब्द, आणि जोडीतला पहिला आकडा त्याचाच. प्रोग्रामने मागितलेल्या आणि विंडोजने कबूल केलेल्या मेमरीची ती बेरीज, मग प्रोग्रामने ती अजून वापरलेली असो वा नसो. जोडीतला दुसरा आकडा मर्यादेचा: रॅम अधिक पेज फाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल. विंडोज या मर्यादेपलीकडे शब्द देत नाही. मर्यादा गाठली की नवी मागणी नाकारली जाते, रॅम कितीही मोकळी दिसत असली तरी.

आता ८ जीबी रॅमचा असेंबल केलेला पीसी घ्या. सी ड्राइव्ह १२० जीबीच्या एसएसडीवर, आणि जागा वाचवायला कुणीतरी पेज फाइल २ जीबीवर बांधून टाकलेली किंवा साफ बंद केलेली. मर्यादा झाली जेमतेम १० जीबी. क्रोम, टॅली, आउटलुक, अँटिव्हायरस आणि दोन मोठ्या एक्सेल फायली मिळून ती संध्याकाळच्या आत गाठतात. इथे उपाय फुकटचा आहे. सिस्टम प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स सेटिंग्ज, पुन्हा अॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी या वाटेने जाऊन पेज फाइल विंडोजच्या ताब्यात द्यायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. अशी सोडलेली पेज फाइल रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यांपैकी जे जास्त असेल तितपत वाढू शकते, पण ड्राइव्हच्या एक अष्टमांशाच्या आत. म्हणजे १२० जीबीवर सुमारे १५ जीबी. मात्र सी ड्राइव्हवर तेवढी जागा मोकळी हवी. ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर पेज फाइल वाढणार कुठे? म्हणून मेमरीवर लक्ष ठेवताना सी ड्राइव्हची मोकळी जागाही त्याच ग्राफवर घ्या.

कोणते आकडे गोळा करायचे

पर्फमॉन या विंडोजच्याच मोजमापाच्या साधनात शेकडो काउंटर (मोजले जाणारे आकडे) आहेत, ऑफिसला मोजकेच पुरतात. 'मेमरी' गटातून अव्हेलेबल एमबाइट्स, टक्के कमिटेड बाइट्स इन यूज, पेज रीड्स प्रति सेकंद आणि पूल नॉनपेज्ड बाइट्स. 'सिस्टम' गटातून अपटाइम, म्हणजे मशीन किती काळ सलग चालू आहे. आणि सी ड्राइव्हची मोकळी जागा. झाले सहा.

पेजेस प्रति सेकंद हा प्रसिद्ध काउंटर मुद्दाम वगळलाय. त्यात साध्या फायली वाचण्याचीही पानं मोजली जातात, त्यामुळे मोठी पीडीएफ उघडली किंवा बॅकअप सुरू झाला की तो उसळतो आणि मेमरी संपल्याचा भास होतो. पेज रीड्सलाही थोडी ही बाधा आहे. पण तो डिस्कवर जाण्याच्या खेपा मोजतो, पानं नाही, म्हणून त्याची डिस्कच्या ताकदीशी थेट तुलना करता येते. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला विखुरलेली शंभराच्या आसपासच वाचनं करू शकते. अशा मशीनवर हा आकडा मिनिटभर ८० वर टिकला तर वापरणाऱ्याचा माउससुद्धा अडखळतो. एनव्हीएमई एसएसडीवर तेवढाच आकडा कुणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या पीसीला एसएसडी बसवल्यावर "रॅम वाढवली का?" असं विचारलं जातं ते यामुळेच.

नॉनपेज्ड पूल म्हणजे ड्रायव्हरांची मेमरी. ती डिस्कवर टाकता येत नाही आणि प्रोसेसच्या यादीत कुणाच्याही नावावर दिसत नाही. यादीतली बेरीज ४ जीबी आणि वापर मात्र ७ जीबी, असा मेळ बसत नसेल तर आधी इथे बघा. साध्या ऑफिस पीसीवर हा पूल काही शे एमबीत असतो. तो दीड-दोन जीबीवर गेला आणि चढतच असेल तर बहुधा नेटवर्क कार्डाचा, व्हीपीएनचा किंवा अँटिव्हायरसचा ड्रायव्हर गळतोय. मायक्रोसॉफ्टचं पूलमॉन कोणत्या टॅगखाली मेमरी अडकलीय ते दाखवतं, आणि टॅगवरून ड्रायव्हरची फाइल शोधता येते.

अपटाइम कशासाठी? विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर 'शट डाउन' केल्यावर वापरणाऱ्याचं सेशन बंद होतं, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी तेच परत उचलले जातात. रोज संध्याकाळी इमानदारीत पीसी बंद करणाऱ्याच्या मशीनवर अपटाइम २३ दिवस दिसतो तो असा, आणि ड्रायव्हरची गळतीही तितकीच जुनी असते. 'रीस्टार्ट' मात्र सगळं धुऊन काढतं. ऑफिसच्या पीसींवर फास्ट स्टार्टअप बंद ठेवावं या मताचा मी आहे. एसएसडी असेल तर त्याने वाचणारे काही सेकंद या त्रासापुढे काहीच नाहीत.

पहिली फेरी पॉवरशेलने

दहा-पंधरा मशीन असतील तर आधी नुसती एक यादी काढा, मोठी यंत्रणा नंतर. पॉवरशेल ही विंडोजची कमांड लिहिण्याची खिडकी. तिथून सिम या विंडोजच्या माहितीसाठ्यातल्या विन३२_ऑपरेटिंगसिस्टम क्लासमध्ये एकूण आणि मोकळी रॅम मिळते. दोन्ही आकडे केबीत असतात, म्हणून जीबीसाठी १०४८५७६ ने भागायचं. इथे १०२४ ने एकदाच भागून सगळ्यांना ८००० जीबी रॅम दाखवणाऱ्या एक्सेल शीट ठाण्यात कमी नसाव्यात. जुनी डब्ल्यूएमआयसी कमांड विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत आपोआप येत नाही, त्यामुळे नेटवर मिळणाऱ्या जुन्या बॅच फायलींवर विसंबू नका.

दूरच्या मशीनवर इन्व्होक-कमांड चालवायला तिथे पॉवरशेल रिमोटिंग सुरू हवं आणि ५९८५ पोर्ट उघडा हवा. एका वेळी ३२ मशीनपर्यंत ही कमांड आपणहून समांतर जाते. डोमेन, म्हणजे सगळ्या पीसींची खाती एका सर्व्हरवर, असेल तर काम सरळ आहे. पण आपल्याकडची बरीचशी लहान ऑफिसं वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक पीसीची खाती वेगळी ठेवून, चालतात आणि तिथे तीन ठिकाणी अडतं. पहिलं, नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक' असेल तर रिमोटिंग सुरूच होत नाही. ते 'प्रायव्हेट' करा. दुसरं, तुमच्या मशीनच्या ट्रस्टेड होस्ट्स यादीत समोरच्या पीसींची नावं लागतात. तिथे तारांकन टाकून सगळ्यांना मोकळीक देऊ नका, नावं लिहा. तिसरं, समोरच्या पीसीवरचं अॅडमिन खातं आणि पासवर्ड बरोबर असूनही 'अॅक्सेस डिनाइड' येतं. लोकल खात्याने नेटवर्कवरून आल्यास विंडोज अॅडमिनचे अधिकार गाळून टाकतं. रजिस्ट्रीतलं लोकल-अकाउंट-टोकन-फिल्टर-पॉलिसी हे मूल्य १ केलं की हे गाळणं थांबतं, पण त्याबरोबर सुरक्षाही सैल होते. सगळ्या पीसींवर एकच अॅडमिन पासवर्ड असेल तर हे मुळीच करू नका.

प्रोसेसची यादी काढताना दोन गोष्टी सांभाळा. वर्किंग सेटची (प्रोसेसने त्या क्षणी धरलेल्या रॅमची) बेरीज करू नका. सामायिक पानं प्रत्येकाच्या नावावर मोजली जाऊन बेरीज रॅमपेक्षाही मोठी होते. प्रायव्हेट बाइट्स, म्हणजे फक्त त्या प्रोसेसची स्वतःची मेमरी, घ्या. आणि नावानुसार एकत्र करा, नाहीतर क्रोमच्या पंचवीस प्रोसेस प्रत्येकी १५० एमबीच्या दिसतील आणि यादीत सर्वांत वर भलतंच काही येईल. 'मेमरी कॉम्प्रेशन' नावाची प्रोसेस मोठी दिसली तर घाबरू नका. विंडोज जुनी पानं दाबून तिथे ठेवतं. ती मोठी असणं हे चणचणीचं लक्षण आहे, कारण नव्हे. ऐरोलीच्या सॉफ्टवेअर ऑफिसांत 'व्हीएममेम' दिसेल. ते लिनक्सचं आभासी मशीन, आणि मर्यादा न घातल्यास ते निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं.

कायमची नजर

वीसच्या वर मशीन असतील तर झॅबिक्स हे मशीनांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर ठीक पडतं. मोफत आहे, लिनक्सच्या एखाद्या साध्या मशीनवर बसतं आणि विंडोजसाठी तयार टेम्पलेट येतं. त्याच कामाची प्रोमेथियस आणि ग्राफानाही चांगली जोडी आहे, पण तिथे सर्व्हर प्रत्येक पीसीच्या ९१८२ पोर्टवर जाऊन आकडे ओढून आणतो. डीएचसीपीवर फिरणाऱ्या (नेटवर्कवरचा पत्ता बदलत राहणाऱ्या) आणि मधूनच घरी जाणाऱ्या लॅपटॉपांना ते जुळत नाही. झॅबिक्स एजंट (प्रत्येक पीसीवर बसवायचा छोटा प्रोग्राम) 'अॅक्टिव्ह' पद्धतीने चालवला की पीसी स्वतःच सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर आकडे पाठवतो. पीसीच्या फायरवॉलमध्ये आत येणारं काहीच उघडावं लागत नाही.

एजंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हर-अॅक्टिव्हसमोर सर्व्हरचा पत्ता आणि होस्टनेमसमोर पीसीचं नाव. हे नाव झॅबिक्समधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. लहान-मोठ्या लिपीतला फरकही चालत नाही. 'होस्ट नॉट फाउंड' ही लॉगमधली ओळ दहातल्या नऊ वेळा याचीच. मशीन जास्त असतील तर होस्ट मेटाडेटा भरून ऑटो रजिस्ट्रेशन लावा, म्हणजे नावं हाताने भरावी लागत नाहीत. पर्फ काउंटर वाचता येत नाहीत अशी तक्रार एखाद्याच पीसीवर आली तर तिथली काउंटरची नोंदच बिघडलेली असते. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये लॉडसीटीआर ही कमांड मोठ्या आर स्विचने चालवली की ती पुन्हा बांधली जाते. कधी दुसऱ्यांदा चालवावी लागते.

मुख्य ऑफिस ठाण्यात आणि गोडाऊन तुर्भ्यात, मध्ये ब्रॉडबँडवरचं व्हीपीएन, अशी मांडणी असेल तर पावसाळ्यात लाइन जाणार हे धरूनच चला. एजंट २ मध्ये पर्सिस्टंट बफर सुरू करता येतो, तो मुळात बंद असतो. सुरू केल्यावर आकडे डिस्कवर साठतात आणि लाइन आली की पाठवले जातात. साठवण्याची मुदत मुळात एक तासाची, ती एक दिवस करा. नाहीतर नेमक्या गडबडीच्या दिवशीचा ग्राफ कोरा राहील. हे सगळं व्हीपीएनबाहेरून जाणार असेल तर सामायिक कळीचं एन्क्रिप्शन लावल्याशिवाय सुरू करू नका.

दर मिनिटाला एक नोंद पुरे. चाळीस पीसी, सहा काउंटर, १४४० मिनिटं: दिवसाला ३,४५,६०० नोंदी. एका नोंदीला सुमारे ९० बाइट धरले तर ३१ एमबी, म्हणजे महिन्याला १ जीबीच्या आत. पाच सेकंदांना एक नोंद घेणारे बारापट डेटा जमवतात आणि शेवटी पाहतात तो तासाचा ग्राफच.

प्रोसेसच्या नावांपलीकडे जाऊ नका. खिडक्यांची शीर्षकं, उघडलेल्या फायलींची नावं मेमरीच्या कामाला लागत नाहीत, आणि ती गोळा केली की ही यंत्रणा कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवणारी होते. काय गोळा होतंय हे सगळ्यांना आधीच सांगून टाकलेलं बरं.

सूचना कधी वाजावी

इथेच बहुतेक यंत्रणा मरतात. ९० टक्क्यांवर अलर्ट लावायचा, दिवसाला साठ मेल यायचे आणि तिसऱ्या आठवड्यात ते एका फोल्डरमध्ये वळवून टाकायचे: लांडगा आला रे आला. क्षणभराच्या उसळीवर सूचना नको. ८ जीबीच्या पीसीला अव्हेलेबल ५०० एमबीच्या खाली, तेही सलग दहा मिनिटं. झॅबिक्समध्ये याचा अर्थ, दहा मिनिटांतली कमाल किंमतही ५०० च्या खाली असली पाहिजे. सरासरी घेतली तर क्षणभराची एखादी खोल घसरणही निकाल फिरवते. कमिट ९० टक्क्यांवर पंधरा मिनिटं टिकलं तर दुसरी सूचना, आणि ही जास्त महत्त्वाची, कारण हिच्यानंतर प्रोग्राम कोसळतात. पीसीकडून नोंद येत नाही ही सूचना सर्व्हरांपुरती ठेवा. लोकांच्या पीसींना लावलीत तर संध्याकाळी ऑफिस सुटताना चाळीस मेल येतील.

एक सूचना मात्र फुकटात मिळते आणि फार थोडे लोक ती घेतात. कमिट मर्यादेला भिडलं की विंडोज स्वतःच सिस्टम लॉगमध्ये रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टरच्या नावाने २००४ क्रमांकाची नोंद करतं, आणि सर्वाधिक मेमरी घेणाऱ्या प्रोसेसची नावं बाइटसकट त्यात लिहितं. अॅक्टिव्ह एजंट ही नोंद उचलू शकतो. बाकी काही लावायला वेळ नसेल तर निदान एवढं लावा.

ग्राफ वाचताना

आठवडाभराच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. अकाउंट्सच्या मशीनचा खरा ताण जीएसटीच्या तारखांना दिसतो: ११ ला जीएसटीआर-१, १४ ला २बी आल्यावर एक्सेलमध्ये खरेदीची जुळवाजुळव, २० ला ३बी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोजलंत तर सगळं आलबेल दिसेल. निदान एक पूर्ण महिना हवा. मार्चअखेर त्यात आली तर उत्तमच.

गळती ओळखायला रोजची कमाल पातळी बघू नका, किमान बघा. प्रायव्हेट बाइट्स दिवसभर करवतीसारखे वरखाली होणं हा अनेक प्रोग्रामांचा स्वभाव आहे. पण दुपारी काम थांबल्यावरची सर्वांत खालची पातळी सोमवारी ४०० एमबी, मंगळवारी ७००, बुधवारी १,००० अशी चढत असेल तर ती गळती. यावर रॅम घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. १६ जीबी केलीत तर कोसळण्याचा दिवस फक्त पुढे ढकलला जाईल. प्रोग्रामची नवी आवृत्ती लावा, ती येईपर्यंत ती सर्व्हिस रात्री रीस्टार्ट करण्याचं टास्क लावा, आणि ग्राफ विक्रेत्याला पाठवा. "सॉफ्टवेअर स्लो आहे" या मेलला उत्तर येत नाही, ग्राफला येतं.

एक्सेलची गोष्ट वेगळी. ३२ बिटांचं एक्सेल ६४ बिटांच्या विंडोजवरही फार तर ४ जीबी पत्ते वापरू शकतं, जुन्या आवृत्तीत २ जीबीच. मशीनमध्ये ३२ जीबी रॅम असली तरी 'मेमरी अपुरी' हा संदेश यायचा तो येणारच. फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे ३२ की ६४ ते दिसतं. ६४ बिटांचं ऑफिस टाका, पण आधी जुनी अॅड-इन त्यावर चालतात का ते तपासा.

सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असेल तर मेमरी ९५ टक्के भरलेली दिसणं ही तक्रार नाहीच. कमाल मर्यादा आखून दिली नसेल तर तो मिळेल तेवढी रॅम कॅशसाठी घेतो. १६ जीबीच्या सर्व्हरवर त्याला ११-१२ जीबीची मर्यादा घालून उरलेली विंडोज आणि बॅकअपसाठी ठेवा. एक्स्प्रेस आवृत्ती असेल तर तिची बफर कॅश १४१० एमबीच्या पुढे जातच नाही. तिच्यासाठी ३२ जीबी रॅम विकणाऱ्याला नमस्कार करून पाठवा. लिनक्सच्या फाइल सर्व्हरवर 'फ्री' रकाना कायम शून्याजवळ असतो, कारण उरलेली रॅम फायलींच्या कॅशला जाते. तिथे 'अव्हेलेबल' रकाना वाचायचा.

रॅम खरंच हवी असेल तर

महिनाभराच्या आकड्यांत अव्हेलेबल वारंवार तळाला, पेज रीड्स चढलेले, गळती नाही, पेज फाइल ठीक, असं सगळं जमलं तर रॅम घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात माणूस पाठवण्याआधी विन३२_फिजिकलमेमरीतून प्रत्येक मशीनची पट्टी, क्षमता, वेग आणि स्लॉट यांची यादी काढा. बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो याचा सिमने दिलेला आकडा अनेकदा चुकीचा असतो, तो बोर्डाच्या मॅन्युअलमधून घ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. डेस्कटॉपच्या शेजारी ठेवलेले छोटे मिनी पीसी बहुधा लॅपटॉपची छोटी पट्टी घेतात. ८ ची एक पट्टी असेल तर दुसरी ८ चीच घालून दोन्ही चॅनेल चालू करा. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला त्याचा फायदा जास्त. वेग वेगवेगळे असतील तर दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात.

बसवल्यावर एक रात्र मेमरी टेस्ट चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ड' बघा. तिथे अचानक काही जीबी दिसले तर पट्टी नीट बसलेली नाही किंवा बायोसमध्ये ग्राफिक्सला जास्त वाटा दिलाय. खाडीकाठच्या दमट हवेत पट्टीच्या पिना काळवंडतात. प्लग काढून, कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून, साध्या खोडरबराने त्या पुसल्या तर चालतं.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे. एकूण रॅमचा आकडा दिवसातून एकदा झॅबिक्समध्ये घ्या आणि तो बदलला की सूचना लावा. १६ चे अचानक ८ झाले तर एकतर पट्टीने दगा दिलाय, नाहीतर कुणीतरी ती काढून नेलीय. दोन्ही प्रकार वापरणाऱ्याच्या तोंडून "मशीन स्लो झालंय" एवढ्याच शब्दांत कळतात.